अश्रूंची सूची आणि चहातली साखर

हेन्री मॅकेन्झीची 'द मॅन ऑफ फीलिंग' ही कादंबरी १७७१ ची. १८८६ साली हेन्री मॉर्ली या प्राध्यापकाने तिची आवृत्ती काढली आणि तिला चक्क अश्रूंची सूची जोडली. रडणं कुठल्या पानावर आहे, त्याची! वर टीप : दाटलेले कंठ वगैरे मोजलेले नाहीत.

आजोबांचं रडणं नातवांना विनोदी वाटलं. आजही अठराव्या शतकातल्या त्या भावविवश साहित्याचं नाव काढलं की जाणकार गालात हसतात. मला ते हसणं जरा स्वस्त वाटतं.

त्या काळी डोळे भरून येणं हा माणूस चांगला असल्याचा पुरावाच मानत. रिचर्डसनची 'क्लॅरिसा' ही कादंबरी खंडाखंडाने येत होती (१७४७-४८), तेव्हा वाचक पत्रं लिहून त्याला विनवत होते, या नायिकेला मारू नका हो. त्याने मारलीच. अॅडम स्मिथने (हो, तोच अर्थशास्त्रवाला) १७५९ मध्ये दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहण्यावर अख्खं नीतिशास्त्र उभं केलं.

ढोंग होतंच. कवी कोलरिजने १७९६ मध्ये ते वर्मावर पकडलं : बाईसाहेब वेर्थरच्या (गटेच्या कादंबरीतला दुःखी नायक) दुःखावर अश्रू ढाळतायत आणि माणसाच्या रक्ताने गोड झालेलं पेय घुटके घेत पितायत. साखर वेस्ट इंडीजच्या मळ्यांतली, गुलामांनी पिकवलेली.

हे सगळं मान्य करूनही मी रडणाऱ्यांच्या बाजूने. एप्रिल १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करायचा खासदार विल्बरफोर्सचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेने फेटाळला. मग विल्यम फॉक्सचं पत्रक आलं. त्यातला हिशेब घरगुती होता : आठवड्याला ५ पौंड साखर लागणाऱ्या कुटुंबाने २१ महिने ती सोडली, तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळेल. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झटणाऱ्या क्लार्कसनच्या अंदाजाने तीन लाख लोकांनी साखर सोडली. बायकांना मतदानाचा हक्क नव्हता, पण घरात काय येणार हे पुष्कळदा त्याच ठरवत. परक्याचं दुःख कल्पायची सवय नसती, तर तो हिशेब कुणाच्या मनाला भिडला असता? व्यापारबंदीचा कायदा यायला मात्र १८०७ उजाडलं.

आणि इग्नेशियस सँचो. स्वतः गुलामीतून आलेला. कादंबरीकार स्टर्नची पुस्तकं त्याला इतकी आवडत, की १७६६ मध्ये त्याने स्टर्नलाच पत्र लिहिलं : तुमच्या लेखणीने थोडा वेळ आमच्या लोकांच्या हालांकडेही बघा. पुढे याच सँचोने लंडनला वेस्टमिन्स्टरमध्ये किराणा दुकान टाकलं. त्यात तंबाखू होता, साखरही होती. कोलरिजचा टोला त्याच्यावर उगारायची माझी तरी हिंमत नाही.