झोनिंग काय फक्त नकाशापुरतं?

झोनिंग म्हणजे कुठल्या भागात घरं आणि कुठं दुकानं-कारखाने हे ठरवून देणं. पण पालिकावाल्यांनो, नकाशावर रहिवासी विभाग म्हणून पिवळा रंग भरला की संपलं का तुमचं काम? मग तळमजल्यावर गॅरेज कसं येतं, शेजारच्या बंगल्याचं गोदाम कसं होतं, आणि रात्री दोन वाजता पीं पीं करत रिव्हर्स येणारे ट्रक कुणाला दिसतच कसे नाहीत??

तक्रार करा तर आवाज मोजायला माणूस येतो सकाळी अकराला! अरे त्रास रात्री आहे ना, मग रात्री या की. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये युरोपसाठी सांगितलंय, रात्री घराबाहेर सरासरी ४० डेसिबलच्या वर आवाज नको, आणि हे डेसिबल साधे वाढत नाहीत, १० ने वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे "थोडासाच जास्त आहे" हे उत्तर आम्हाला देऊच नका.

सगळ्यात चीड येते ती नियमित करून देण्याची. आधी बेकायदा मजला चढू द्यायचा, वर्षानुवर्षं नोटिसा पाठवायच्या आणि शेवटी दंड घेऊन तोच कायदेशीर करायचा. मग नियम पाळून घर बांधणारे मूर्ख होते का? त्यांचा उजेड गेला, वारा गेला, पार्किंग गेलं, तो दंड काय त्यांना मिळतो?