ती जागा रिकामीच आहे ना?

निवृत्त होणाऱ्या संगीतशिक्षकांसाठी कॉन्सर्ट बँडची रचना लिहायला घेतलीत, तर एक आधीच सांगून ठेवतो. सगळ्या बँडला एकदम रेस्ट, म्हणजे न वाजवता थांबायची जागा, देऊ नका. तिथे कोणीतरी येऊन घड्याळ देतं.

माझ्या रचनेत दिलं. गेल्याच आठवड्यात. भिंतीवरचं, हातभर रुंद आणि चालू.

आता घड्याळ मिनिटाला 60 टिकटिक करतं आणि रचना होती मिनिटाला 72 मात्रांच्या लयीत. ते ठेवलं होतं माईकशेजारी. पुढचं तुम्हीच समजून घ्या. नाहीतर राहू द्या, सविस्तर सांगतोच. मनातून जात नाहीये.

समारंभाचे एक आयोजक होते. सज्जन माणूस, मोबाईलवर स्टॉपवॉच लावूनच तालमीला आलेले. चार मिनिटांची रचना, 4/4 चा ताल (एका बारात, म्हणजे आवर्तनात, चार मात्रा), लय 72, म्हणजे मिनिटाला 18 बार आणि एकूण 72 बार. इतका हिशेब नीट बसल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. त्यांना झाला नाही.

"अहो, ते मध्ये सगळे थांबतात, तिथे काय वाजतं?"

"काही नाही. दोन बार शांतता आहे."

"कोणीच नाही वाजवत?"

"कोणीच नाही."

"म्हणजे ती जागा रिकामीच आहे ना?"

मी समजावलं. त्याआधी अख्खा बँड फोर्टेत, म्हणजे जोरात, चढत येतो, मग एकदम तुटतो आणि त्यानंतर एकटी क्लॅरिनेट अगदी हळू येते. ती हळू आहे हे कळायला आधी शांतता लागते. त्यांनी मान डोलावली आणि स्टॉपवॉचकडे बघितलं.

"दोन बार म्हणजे सेकंद किती?"

आठ मात्रा, लय 72. "पावणेसातच्या आत."

"घड्याळ देऊन होतं तेवढ्यात. फोटोसकट दहा धरा. आणि ते ट्यूबावाले काका त्याआधी सोळा बार नुसतेच बसलेत, त्यांनाच पाठवू का घड्याळ आणायला?"

ट्यूबावाले काका सोळा बार मोजत असतात हो! बँडमध्ये रेस्ट मोजणं हे काम आहे. एक बार चुकला की माणूस नको तिथे घुसतो, आणि ट्यूबासारखं भलंमोठं पितळी वाद्य नको तिथे घुसलं की लपत नाही. म्हणून पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकाची वेगळी प्रत, काढताना लांब रेस्टच्या शेवटच्या दोन बारांत दुसऱ्या वाद्याची ओळ बारीक टायपात छापायची. कानाला खूण मिळाली की मोजदाद चुकलेला माणूसही सावरतो. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं: "ट्यूबा – मोकळे."

मग त्यांना कळलं की मुख्य धून निवृत्त होणाऱ्या सरांच्या नावातून काढली आहे. ही युक्ती माझी नाही, फार जुनी आहे. इंग्रजी अक्षरं हीच सुरांची नावं, आणि जर्मन पद्धतीत बी म्हणजे बी फ्लॅट (अर्धा सूर खाली) आणि एच म्हणजे साधा बी, त्यामुळे बाखचं अख्खं आडनाव चार सुरांत बसतं. शोस्ताकोविचनं स्वतःच्या नावाच्या जर्मन स्पेलिंगमधल्या डी, एस, सी, एच या अक्षरांवरून डी, ई फ्लॅट (जर्मनमध्ये त्याला एस म्हणतात), सी, बी असे सूर घेतले आणि 1960 च्या आठव्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये त्यांचा पिच्छा सोडला नाही. जीच्या पुढची अक्षरं असतील तर सात-सात अक्षरांच्या ओळी एकाखाली एक लिहायच्या आणि आपल्या रकान्यात सगळ्यात वर असलेला सूर उचलायचा. 1909 मध्ये हायडनच्या स्मृतीसाठी राव्हेलनं जो मिन्युएट लिहिला, त्यात वाय म्हणून डी आणि एन म्हणून जी आहे, ते या रकान्यांशी जुळतं.

"वा!" आयोजक म्हणाले. "पण लोकांना कळणार कसं? असं करू, निवेदिका प्रत्येक सुराला अक्षर म्हणेल."

ते मी हाणून पाडलं. आयुष्यातला एक विजय म्हणून त्याची नोंद असावी.

नावातून सूर काढणं सोपं असतं, बँडला देणं कठीण. बरीच वाद्यं लिहिलेल्या सुरापेक्षा वेगळाच सूर वाजवतात, म्हणून त्यांना बदलून लिहावं लागतं. बाखचेच चार सूर घ्या: बी फ्लॅट, ए, सी, बी. ट्रम्पेटला ते एक सूर वर लिहायचे: सी, बी, डी, सी शार्प. आल्टो सॅक्सला जी, एफ शार्प, ए, जी शार्प. हॉर्नला एफ, ई, जी, एफ शार्प. आणि ट्रॉम्बोनला खालच्या सप्तकात दिलेत तर स्लाइडची पहिली, दुसरी, सहावी, सातवी पोझिशन. सातवी म्हणजे स्लाइड जवळजवळ हातातून निसटायच्या बेतात. शाळकरी मुलाचा हात तिथे पोचतच नाही. तो आधी खांदा पुढे करतो, मग मान, मग खुर्चीच पुढे सरकवतो, आणि एवढं करून जो सूर निघतो तो बी नसतो. तेच एक सप्तक वर लिहा: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. मूल बसल्या जागी वाजवतं.

मुख्य सोलो ओबोला द्यायचा मोह होतो. द्या, पण तोच सोलो फ्ल्यूटच्या पार्टमध्येही बारीक टायपात छापून ठेवा. ओबोवाला एकच असतो, आणि सर्दी त्यालाच होते.

मी आयोजकांना हायडनचीही आठवण करून दिली. निरोपाच्या समारंभात शांततेला किती मान असतो हे पटावं म्हणून. 1772 च्या त्याच्या पंचेचाळिसाव्या सिंफनीत शेवटी वादक एकेक करून उठून जातात आणि मंचावर दोनच व्हायोलिन उरतात. आयोजकांचे डोळे चमकले. "म्हणजे जाताना आपापल्या खुर्च्याही नेतील? मग हॉल लवकर रिकामा होईल."

समारंभाच्या दिवशी बँड चढला, तुटला. शांतता आली. चांगली आली होती. स्नेअर ड्रमच्या तारा आधीच लिव्हरनं सोडवून ठेवल्या होत्या, नाहीतर ट्रम्पेट वाजले की त्या आपोआप खरखरतात आणि शांततेची माती होते. कंडक्टरचे हात वर. हात वर असेपर्यंत लोक टाळ्या वाजवत नाहीत, असं आम्ही समजत होतो. आयोजक घड्याळ घेऊन आले. टाळ्या. एक फोटो सरांचा, एक सहकुटुंब, एक समितीसह. मग समितीतले एक जण डोळे मिटलेले आले म्हणून पुन्हा. दहा सेकंद कुठल्या कुठे गेले. कंडक्टरचे हात वरच होते, पण आता ते शरण आल्यासारखे दिसत होते.

दरम्यान क्लॅरिनेटच्या रीड सुकल्या. आतली हवा थंड झाली की फुंकून वाजवायच्या वाद्यांचा सूर उतरतो, तसा सगळ्यांचाच उतरला. ग्लॉकेनश्पीलचा, म्हणजे धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याचा, मात्र जिथल्या तिथे राहिला, त्यामुळे पुढे ते आणि फुंकवाद्यं एकत्र आली तेव्हा सरांनी पहिल्या रांगेत डोळे मिटून घेतले. भावना अनावर झाल्या, असं शेजारचे म्हणाले. ज्या माणसानं जन्मभर मुलांचे सूर जुळवले, तो कशानं डोळे मिटेल हे मला ठाऊक आहे. आणि लय? क्लॅरिनेटवालीनं माईकमधून येणाऱ्या टिकटिकीवर 60 लाच सुरुवात केली. तिला काय बोलणार, तिच्या कानात तीच लय पडत होती.

नंतर आयोजक भेटले. रचना कशी झाली याबद्दल अवाक्षर नाही. म्हणाले, "जागा छान होती हो तुमची. पुढच्या वर्षी दोघं निवृत्त होतायत, तशा दोन ठेवा."

त्या दोन बारांत मी आता टिंपनीचा, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचा, रोल घातला आहे. फोर्टिसिमो म्हणजे अगदी जोरात, वर क्रेसेंडो म्हणजे आणखी चढत, आणि दुसऱ्या बारावर झांजा. आता द्या म्हणावं घड्याळ.