वर्ष वाया गेलं असं म्हणू नका

शहर सोडून खेड्यात राहायला गेल्यावर वर्षभर एकही पान लिहून झालं नाही, हे तुम्ही तुमच्या लेखात इतकं उघडपणे सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार. मीही गेली सहा वर्षं अशीच राहतेय, पण हे बोलायचा धीर मला कधी झाला नाही. लोकांना वाटतं, खेड्यात वेळच वेळ. प्रत्यक्षात पाणी आलं की उठायचं, वीज असेल तेवढ्यात कामं उरकायची, पाऊस लागला की आधी छप्पर बघायचं. दारावरून जाणारं माणूस आत येऊन टेकतं. वहीपुढे बसलेली बाई त्याला रिकामीच दिसते, आणि 'काम चाललंय' म्हणून त्याला परत पाठवणं मला आजही जमत नाही. म्हणून पहाटे चारला उठून लिहिते. दोन तास. तेवढेच माझे.

एक गोष्ट मात्र पटली नाही. ते वर्ष वाया गेलं, असं तुम्ही म्हणता. अमेरिकन लेखक हेन्री थोरो १८४५ च्या जुलैत वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला आणि दोन वर्षं दोन महिने राहिला. त्या वास्तव्यावरचं पुस्तक आलं १८५४ मध्ये! मधल्या काळात तो खर्डे पुन्हा पुन्हा लिहीत होता. तुमचं तर एकच वर्ष झालंय.

वडिलांच्या आजारपणात रात्र-रात्र जागल्याचा तुमचा परिच्छेद मी तीनदा वाचला. चारच ओळींत का थांबलात? त्यावर सविस्तर लिहा, लागेल तेवढा वेळ घ्या.