पांदण रस्ता आणि शॅम्पेन

टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत टीव्हीवर पाहताना, त्या दिवसाचा टप्पा ज्या भागातून जाईल तिथलीच वाइन पेल्यात घ्यावी, ही तुमच्या लेखातली कल्पना झकास आहे. पण आम्ही पडलो वर्धा जिल्ह्यातले. दारूबंदी! (मिळत नाही असं नाही, पण ते जाऊ द्या.) आमची टूर कच्च्या चिवड्यावर आणि चहावर चालते. टप्पा संपतो रात्री नऊच्या आसपास, तेवढा वेळ लाइट टिकली म्हणजे झालं.

एक मात्र लेखात राहून गेलं. द्राक्षमळे पाहायचे तर टाइम ट्रायलच (एकेकट्यानं घड्याळाशी लावलेली शर्यत) पाहावी. २०२४ चा सातवा टप्पा नुई-सां-जॉर्ज ते जव्हे-शांबेर्तां, २५.३ किलोमीटर, थेट बरगंडी या वाइनच्या मुलखातला. एकेक जण सुटतो, त्यामुळे कॅमेऱ्यालाही मळ्यांवर रेंगाळायला सवड मिळते. बेल्जियमच्या एव्हेनेपूलनं स्लोव्हेनियाच्या पोगाचारला १२ सेकंदांनी मागं टाकलं.

त्याच टूरचा नववा टप्पा शॅम्पेन भागात, त्र्वा गावाभोवती. १४ कच्चे पट्टे, मिळून ३२ किलोमीटर, पांढऱ्या धुळीनं माखलेले गडी. लोक म्हणाले, असल्या रस्त्यावर शर्यत घेतात का? भाऊ, जुलैत आमच्या पांदण रस्त्यावर या. काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये असा बसतो की चाक फिरतच नाही. मग उतरा, पराटीची (कपाशीची) काडी शोधा आणि कोरत बसा.

पुढचा लेख वुएल्टावर, म्हणजे स्पेनच्या अशाच सायकल शर्यतीवर येऊ द्या. तिथल्या रिओहा या वाइनच्या भागाकडे सप्टेंबरात द्राक्षं तोडणीला येत असतात.