ओळंब्याखालचा गृहस्थ

गेल्या मंगळवारी दापोलीतील एका गॅरेजच्या दारात, भर अकरा वाजता, गवंड्याचा ओळंबा माझ्या डाव्या कानाशेजारून खाली सोडण्यात आला आणि मी नेमका किती वाकडा आहे याची मोजणी पाच जणांच्या साक्षीने पार पडली. मी तेथे गाडीचा वाकडा दांडा बदलायला गेलो होतो, हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण आता त्या दांड्याला कोणी महत्त्व देत नाही.

गाडी म्हणजे एटीव्ही: चार फुगीर चाके, मोटारसायकलसारखे हँडल आणि ११० सीसीचे इंजिन. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवून थकलेली ही गाडी मी आंब्याचे क्रेट बागेतून खाली आणण्यासाठी जुन्यात घेतली. मे महिन्यात गडग्याचा एक चिरा ढासळून वाटेत आला, डावे चाक त्यावर चढले आणि गाडी उजव्या अंगावर निजली. मी वेळेवर उडी मारली असे घरी सांगितले आहे. त्या दिवसापासून गाडी सरळ चालवायची असेल तर हँडल दोन बोटे डावीकडे वळवून धरावे लागे, आणि हँडल सरळ धरले की गाडी उजवीकडच्या काजूकडे ओढ घेत असे.

अशा वेळी आधी टायरॉड (हँडलचे वळण पुढच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या दोन सळ्या) तपासावेत, कारण ते स्वस्त असतात आणि लवकर वाकतात. ते मी तपासले. दोन्ही पुढच्या चाकांमधले अंतर पुढून आणि मागून टेपने मोजले, फरक क्षुल्लक होता. उरला तो स्टिअरिंगचा उभा दांडा. वरच्या टोकाला हँडलचे क्लॅम्प, मध्ये त्याला दोन्ही बाजूंनी कवटाळणारा नायलॉनचा बुश, तळाशी बेअरिंग, आणि त्या तळाशीच वेल्डिंग केलेली एक पट्टी, जिच्या दोन भोकांतून टायरॉड चाकांकडे जातात. गाडी आडवी होताना हँडल जमिनीवर आपटते आणि सगळा भार या नळीवर येतो. कोणी सांगतात की तापवून ठोकले की दांडा सरळ होतो. होतोही, पण तापवलेल्या जागी पोलादाचा कस जातो, पट्टीच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर पडते, आणि ती चीर आपली ओळख नेमकी उतारावर करून देते. म्हणून नवा घ्यायचा ठरवला.

येथे थोडे रडून घेतो. हे वाहन विकताना कोणी सुट्या भागांबद्दल चकार शब्द काढत नाही. बाहेरून सगळ्या गाड्या एकाच आईची लेकरे वाटतात, पण एकीचा दांडा दुसरीला बसत नाही. बुशपासून बेअरिंगपर्यंतची लांबी आणि पट्टीच्या दोन भोकांमधले अंतर, एवढी दोन मापे जुळली तरच उपयोग. मी दोन्ही मापे मिलिमीटरमध्ये लिहून पाठवली. विक्रेत्याचे उत्तर आले, “फोटो पाठवा.” फोटो पाठवला. “चालेल,” असे उत्तर आले. जो दांडा आला तो बुशच्या वर पंचवीस मिलिमीटर जास्त लांब होता. तक्रार केली तेव्हा कळले की ही चूक नसून अपग्रेड आहे; उभे राहून गाडी हाकणाऱ्या स्वारांना उंच हँडल सोयीचे पडते. मी पंचावन्न वर्षांचा असून क्रेट वाहतो, हे त्या गृहस्थांना फोटोत दिसले नसावे.

गाडीची नोंदणी होत नसल्यामुळे ती रस्त्यावर आणता येत नाही. साहजिकच गाडी टेम्पोत आणि मी टेम्पोच्या पुढच्या सीटवर, अशी आमची वरात गॅरेजला पोहोचली. तेथे काका बसलेले होते. प्रत्येक गॅरेजमध्ये असे एक काका असतात. त्यांची स्वतःची गाडी कधीच दुरुस्तीला आलेली नसते. हे काका एसटीतून निवृत्त झालेले चालक, बोगदा होण्याआधीच्या कशेडी घाटात हयात गेलेली, मनगटे अजून खलबत्त्याच्या दगडासारखी. त्यांनी आधी खोके पाहिले. त्यावर ४१३० असे छापले होते.

“चार हजार एकशे तीस? या नळीचे?”

मी सांगितले की ती किंमत नाही, पोलादाची जात आहे. त्यात क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असते आणि शेवटचे ३० म्हणजे कार्बन साधारण ०.३० टक्के.

“म्हणजे नंबरचे पैसे वेगळे घेतले,” काका मेकॅनिककडे वळून म्हणाले, आणि मेकॅनिकने मान डोलावली. मुळात किंमत त्याहून फार कमी नव्हती, म्हणून मी गप्प राहिलो.

मग ते गाडीवर बसले, हँडल धरले, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच राहिले. “दांड्याला काही झालेलं नाही,” ते उतरताना म्हणाले. “स्टिअरिंग वाकत नाही, साहेब. माणूस वाकतो. तुमचा डावा खांदा पडलाय. तुम्ही बसता तिरके, म्हणून हँडल तिरकं दिसतं.”

मी हसलो. दुसरे कोणीच हसले नाही. शेजारच्या गाळ्यात भिंत बांधणाऱ्या गवंड्याला हाक गेली, तो ओळंबा घेऊन आला आणि आधी गाडीसमोर धरला. पुढून पाहिले तेव्हा दोरी आणि दांडा यांच्यात मधल्या भागात चांगले बोटभर अंतर दिसत होते. मला बरे वाटले. पण न्यायबुद्धी नडली. गॅरेजची फरशी पावसाचे पाणी जावे म्हणून गटाराकडे उतरती केलेली आहे, तेव्हा गाडीच मुळात कललेली असून येथे ओळंब्याचा पुरावा ग्राह्य नाही, असे मीच बोलून गेलो.

“बरोबर,” काका म्हणाले. “फरशी तिरकी असली की गाडी तिरकी उभी राहते. पण माणूस तिरक्या फरशीवरही सरळच उभा राहतो ना? उभे राहा बघू.”

आपणच खणलेल्या खड्ड्याच्या काठावर माणूस जसा उभा राहतो, तसा मी उभा राहिलो. गवंड्याने एक डोळा मिटला. चहा घेऊन आलेला मुलगा, टेम्पोवाला आणि पंक्चर काढायला आलेला एक अनोळखी इसम माझ्यासमोर अर्धवर्तुळात उभे राहिले. ओळंबा हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखायची मला सूचना झाली. “अर्धा इंच,” गवंडी म्हणाला. “जास्तच असेल,” असे तो पंक्चरवाला इसम म्हणाला, ज्याला मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो.

खरा सल येथे आहे. माझा शिंपी गेली वीस वर्षे माझ्या डाव्या खांद्यात मुकाट्याने जादा कॅनव्हास घालतो आणि त्याबद्दल आम्ही दोघेही कधी बोललो नाही. हे सभ्यतेचे लक्षण आहे. सत्ताविसावे वर्ष ते चोपन्नावे वर्ष मी त्या खांद्यावर कचेरीची बॅग वाहिली. त्याची भरपाई कोणी दिली नाही, निदान जाहीर मोजमाप तरी टळावे एवढी अपेक्षा होती.

अखेर मेकॅनिकने दांडा सोडवला आणि पलीकडच्या लेथवर दोन सेंटरमध्ये धरून फिरवला. तो दोरीवरच्या उड्यांसारखा झोके घेत फिरू लागला. काकांनी तो झोका शांतपणे पाहिला आणि म्हणाले, “तोही वाकलाय.” त्या ‘ही’साठी मी त्यांना क्षमा करणार नाही.

नवा दांडा बसवायला तास लागला. बुशला ग्रीस, नव्या नटला नवी कॉटर पिन (जुनी पुन्हा घालू पाहणाऱ्या मुलाचा हात मी स्वतः धरला), आणि पंचवीस मिलिमीटरच्या कृपेने पूर्ण वळणावर ताणली जाणारी ब्रेकची नळी क्लिपमधून सोडवून नव्या वाटेने. आता गाडी सरळ जाते. हँडल मात्र छातीपर्यंत येते आणि चालवताना मी अंमळ ताठ बसतो, जे काकांच्या नजरेतून सुटलेले नाही.

संध्याकाळी गवंड्याने स्टेटसला फोटो ठेवला. माझ्या बायकोच्या मावसभावामार्फत तो घरी येऊन पोहोचला. त्यात दोरी आहे, ओळंबा आहे, श्वास रोखलेला मी आहे, काकांचे बोट आहे. गाडी त्यात कुठेही नाही.