‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’

बातमीच्या शेवटी हे वाक्य दिसलं की माझा जीव तुटतो. बहुतेक वेळा प्रवक्ता बिचारा फोन हातात धरून बसलेला असतो, वरून परवानगीच येत नाही. तोवर पान छपाईला जातं आणि सकाळी लोक एकच बाजू वाचून मत बनवतात.

मी एका धर्मादाय रुग्णालयाचं जनसंपर्काचं काम पाहतो. काही विपरीत घडलं की थोड्याच वेळात गेटवर बूम, म्हणजे चॅनेलचा माइक घेऊन चॅनेलची मुलं उभी राहतात. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. त्यांना बुलेटिनसाठी बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची दोन वाक्यं, हवाच असतो, आपण नाही दिला तर गेटबाहेरचा कुणीही देतो.

पहिला प्रश्न ठरलेला: “म्हणजे निष्काळजीपणा झाला, हे मान्य आहे का?” यावर “निष्काळजीपणा झालेला नाही” म्हटलंत की त्यांचा शब्द तुमच्या तोंडी आला, आणि खाली पट्टीही तीच फिरते. मी आधी घरच्यांच्या दुःखाबद्दल बोलतो. मग जे नक्की ठाऊक आहे तेवढंच. रुग्णाचं नाव, आजार, काहीही सांगत नाही. बाकीचं सहा वाजता इथेच सांगतो म्हणतो, आणि सहाला जातोच, हाती नवीन काही नसलं तरी. उत्तर संपल्यावर समोरचा मुद्दाम गप्प राहून माइक तसाच धरतो, तेव्हा आपणही गप्प राहायचं. नको ती वाक्यं तिथेच निसटतात. ‘ऑफ द रेकॉर्ड’वर, म्हणजे ‘हे छापू नका’ म्हणून सांगण्यावर, तर मुळीच विसंबू नये.

आधी माणसं, मग संस्था, हा क्रम चुकला की सावरता येत नाही. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘बीपी’च्या तेलविहिरीवर स्फोट होऊन ११ कामगार गेले. कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड कॅमेऱ्यासमोर म्हणाले, मला माझं आयुष्य परत हवंय. माफी मागितली, तरी वर्षाच्या आत पद गेलं. आपल्याकडे २६/११ नंतर तेव्हाचे उपमुख्यमंत्री आर. आर. आबा पाटील यांचं ते ‘बडे बडे शहरों में’ आठवा, मोठ्या शहरांत असं होतच असतं अशा अर्थाचं. ग्रामस्वच्छता अभियान गावोगावी नेणारा, लोकांशी लोकांच्या भाषेत बोलणारा नेता. उपमुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून संस्थाचालकांना कळकळीने सांगतो, घटना घडल्यावरच्या पहिल्याच बैठकीत प्रवक्त्याला बसवा, कागद दाखवा. बंद दाराबाहेर उभं करून शेवटी हातात चार ओळींची प्रेस नोट टेकवलीत, तर पत्रकाराच्या दुसऱ्या प्रश्नाला तो काय उत्तर देणार?