‘२१ दिवसांत मधुमेहमुक्ती’ या संदेशाला उत्तर

गेले काही महिने व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतो आहे आणि आमच्याच भावकीच्या गटातून तो माझ्या थोरल्या बहिणीपर्यंत पोहोचला. त्याचा आशय असा: मधुमेह हा मनाच्या दुबळेपणाचा आजार आहे, २१ दिवस अखंड संकल्प पाळला की सवय लागते आणि आजार जातो, एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावी, गोळ्या पहिल्याच दिवशी बंद कराव्यात, कारण गोळीचा आधार आहे तोवर निश्चय पक्का होत नाही, साखरेऐवजी गूळ आणि मध चालतो, साखर मोजण्याचे यंत्र घरात ठेवू नये, आकडा पाहून मन खचते, घरच्यांनी रुग्णाच्या ताटावर सतत लक्ष ठेवावे. शेवटी, हे सारे परदेशात सिद्ध झाले आहे, अशी ग्वाही.

ताई ५४ वर्षांची आहे, सांगलीजवळ राहते. फाल्गुनात तिला टाइप २ मधुमेह निघाला. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही साखर कमी करणारी गोळी सुरू केली, रोज चालायला आणि भात कमी करायला सांगितले, आणि ती ते करतही होती. मग हा संदेश आला. मी जूनमध्ये तिच्याकडे गेलो, तेव्हा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकटींत पेन्सिलीने लिहिलेले आकडे दिसले: १, २, ३ असे १७ पर्यंत. सतराव्यावर आडवी रेघ आणि पुढच्या चौकटीत पुन्हा १. त्या दिवशी दिराच्या मुलाच्या मुंजीत तिने एक पुरणपोळी खाल्ली होती. दुसऱ्या खेपेला ती ९ पर्यंत पोहोचली, तिसऱ्या खेपेला ४ पर्यंत, आणि त्यापुढच्या चौकटी कोऱ्या होत्या. “अरे, माझ्यात तेवढा निश्चयच नाही,” असे ती म्हणाली. तोपर्यंत चालणे सुटले होते आणि गोळी तर पहिल्याच दिवशी सुटली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासले, तर उपाशीपोटीची साखर २६८ आली.

म्हणून सर्वांत आधी ‘पुन्हा पहिल्या दिवसापासून’ या मुद्द्याविषयी. २१ या आकड्याचा मधुमेहाशी काही संबंध नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६०च्या आपल्या पुस्तकात नोंदवले होते की, शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे त्यातला ‘किमान’ गळाला, चेहरा गळाला आणि उरला तो सवयींचा नियम. सवय लागायला किती दिवस लागतात, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष तपासले आणि २०१०मध्ये प्रसिद्ध केले. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक साधी गोष्ट रोज ठरलेल्या प्रसंगी करायची होती. ती आपोआप होऊ लागायला लागलेला मध्यम काळ ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंतचा होता. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा खंड पडला नाही. म्हणजे ताईने रेघ मारून खोडलेले ते १७ दिवस तिच्या खात्यावर जमाच होते आणि अठराव्या दिवशी तिने १८ लिहायला हवे होते.

शरीराचा हिशोबही याहून वेगळा नाही. तीन महिन्यांची सरासरी म्हणून आपण जी एचबीए१सी तपासणी करतो, ती लाल रक्तपेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते आणि या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. एका पोळीने त्या दिवसाची साखर चढते, हे खरे आहे. परंतु त्या पोळीने आधीचे १७ दिवस पुसले जात नाहीत. चुकल्याबद्दल सगळे पुसून टाकण्याची शिक्षा ठरवली, की माणूस चुकीमुळे नव्हे तर त्या शिक्षेमुळे थकतो, आणि ताईचे नेमके तेच झाले.

आता गोळ्यांविषयी. हा मजकूर लिहिणाऱ्याने मधुमेहाचा प्रकार कोणता, हे कुठेच सांगितलेले नाही, आणि मला सर्वाधिक संताप याचाच येतो. टाइप १ मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. अशा मुलाचे इन्सुलिन कोणी ‘निश्चय पक्का व्हावा’ म्हणून बंद केले, तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचून ते मूल अतिदक्षता विभागात पोहोचू शकते, दगावूही शकते. टाइप २ मध्ये इतके तातडीने काही घडत नाही. पण वाढलेली साखर दुखत नाही, खुपत नाही, आणि डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा गुपचूप पोखरत राहते.

‘परदेशात सिद्ध झाले आहे’ यात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य करायलाच हवे. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागात मायकेल लीन आणि रॉय टेलर यांच्या नेतृत्वाखाली ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास झाला आणि त्याचे पहिले निष्कर्ष २०१७च्या अखेरीस ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. मधुमेहाचे निदान होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या, वजन जास्त असलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८२५ ते ८५३ कॅलरींचा, पेये आणि सूप यांचा ठरीव आहार देण्यात आला. वर्षअखेरीस त्यांच्यापैकी ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांमध्ये हे प्रमाण ४ टक्के होते. गोळ्या पहिल्या दिवशी बंद केल्या होत्या, हेही खरे. मात्र त्या दवाखान्याच्या देखरेखीखाली बंद केल्या होत्या आणि साखर वाढली तर पुन्हा सुरू करण्याचे नियम आधीच लिहून ठेवलेले होते. नेहमीचे अन्न टप्प्याटप्प्याने परत आणले गेले, त्यानंतर दर महिन्याला भेट होती, आणि वजन परत वाढू लागले किंवा मधुमेह परत आला तर काय करायचे, याची योजनाही तयार होती. म्हणजे माणसे घसरणार, हे तिथे गृहीतच धरलेले होते! दोन वर्षांनी ४६ टक्क्यांचे ३६ टक्के झाले. ज्यांचा मधुमेह परतला त्यांना त्या संशोधकांनी दुबळे म्हटले नाही. ज्या अभ्यासाच्या जोरावर हा संदेश मिरवतो, त्याची सारी रचनाच या संदेशाच्या उलट आहे.

गोळीविषयी आणखी एक. खाणे एकदम कमी केले आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी तेवढीच चालू राहिली, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. म्हणून आहारात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोलून गोळ्यांचे प्रमाण ठरवून घ्यावे लागते. ते काम संदेश वाचून होत नाही.

गूळ आणि मधाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. गुळाचा बहुतांश भाग हा साखरच असतो आणि मधातही ग्लुकोज व फ्रुक्टोज या शर्कराच असतात.

यंत्राबाबत एवढे खरे की, इन्सुलिन न घेणाऱ्याने रोज चार वेळा बोट टोचून फारसे काही साधत नाही. पण ते घरातच ठेवू नये, हे म्हणणे चूक आहे. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर दोन तासांनी ताईची साखर २४६ आली आणि दुसऱ्या दिवशी मुगाच्या धिरड्यांनंतर १५८. उपासाचे म्हणून हलके, ही तिची आयुष्यभराची समजूत त्या दोन आकड्यांनी बदलली. माझ्या सांगण्याने ती बदलली नव्हती.

राहता राहिले ताटावरचे लक्ष. त्याच मुंजीच्या पंगतीत तिच्या मुलाने चाळीसेक माणसांसमोर “आई, तुला हे चालतं का?” असे विचारले होते. त्याच्या मनात काळजीच होती, पण ताई पुढचे दोन महिने चारचौघांत जेवायला बसली नाही आणि गोड खायचे ते स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून खाऊ लागली. मुलाला मदतच करायची असेल, तर रात्रीच्या जेवणानंतर त्याने तिच्याबरोबर चालायला जावे, असे मी त्याला सांगितले. आता दोघे मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येतात, पंधरा-वीस मिनिटे लागतात. गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली आहे. कॅलेंडरवर ती आता चालली त्या दिवशी टिंब देते आणि चुकला तो दिवस कोरा सोडते. श्रावणाच्या पानावर १९ टिंबे आहेत.